चिंचेवर चढायचे हातमोजे

माझी नात पुण्यात असते आणि पैसे भरून झाडावर चढते. हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं, तरी मला खोटंच वाटतं. आमच्या वेळी झाडावर चढलं की मार मिळायचा, आता प्रमाणपत्र मिळतं. रेवा कॉलेजात झाडांच्या शेंड्याकडं वाढणाऱ्या शेवाळाचा अभ्यास करते आणि त्यासाठी ऐन थंडीत महाबळेश्वरकडं जाऊन, कमरेला दोर बांधून वर चढावं लागतं म्हणे. परवा तिनं फोनवर हातमोज्यांची चित्रं दाखवली. काळे, करडे, तळव्याला रबर लावलेले, बोटं झाकलेले, बोटं उघडी ठेवलेले. "आज्जी, सांग की कुठले घेऊ? लेदरचे का लोकरीचे?" तिला करमणूक हवी होती. आज्जी काहीतरी जुनंपानं बोलेल, मग मैत्रिणींना सांगून हसता येईल. मीही काही कमी नाही. म्हटलं, "लोकरीचे घेऊ नकोस, सालीत अडकतात. कातड्याचे घेऊ नकोस, हाताला फांदी कळत नाही. बोटांची टोकं उघडी असलेले घे आणि मनगटाशी आवळायला काही आहे का ते बघ." मग हळूच, "आज्जी, तुला कसं माहीत गं?" मी म्हटलं, "तुझ्या निम्म्या वयात मी हा अभ्यास पुरा केलाय," आणि चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला. चहा उतू जात नव्हता. चहा ठेवलाच नव्हता.

तेव्हा आम्ही सोलापूरला भवानी पेठेत राहत होतो. एका अंगणाभोवती बसलेल्या खोल्या, त्यातल्या दोन आमच्या. पुढच्या खोलीत माग राहायचा आणि मागच्या खोलीत आम्ही. नायना, म्हणजे माझे वडील, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे ते मिलचा भोंगा झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, खट्टक-खट, खट्टक-खट. त्या आवाजात आम्ही जेवलो, भांडलो, पाढे पाठ केले. आवाज चालू असला की झोप लागायची आणि थांबला की जाग यायची. घरात तेलुगू, अंगणात मराठी, आणि खोल्यांचे मालक आले की अम्मा चार शब्द कानडीचेही टाकायची. इथं मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावलंय. अम्मानं हे वाचलं असतं तर म्हणाली असती, "पिल्ला, मी एवढी शहाण्यासारखी कधी बोलले?"

विणकराच्या घरात पोरींचे लाड नसतात, पोरींच्या हातांचे असतात. सूत बारीक. तळहात जरा खरबरीत झाला, बोटाच्या पेराला कातडीचं एवढंसं टोक निघालं, की धागा त्याला अडकतो, फुलतो आणि तुटतो. त्यात सोलापूरची थंडी. बाहेरच्या लोकांना हसू येतं, सोलापूरला कसली आलीय थंडी! पण पौषातल्या पहाटे भवानी पेठेत येऊन अंगणातल्या हौदाला हात लावून बघा म्हणावं. आणि थंडीपेक्षा वाईट तो कोरडेपणा. ओठ उलतात, टाचा उलतात, हातांना भेगा पडतात. दुसऱ्या घरांत बायका दिवसभर हाताला तेल चोपडायच्या. आमच्याकडं दिवसा तेलाला बंदी, कारण तेलकट हात सुताला लागला की डाग पडलाच. रात्री निजताना करडईचं तेल, पहाटे बेसन लावून हात स्वच्छ धुवायचे, मग चरख्याला बसायचं. धोट्यात सुताची कांडी बसवतात, त्या कांड्या भरणं माझं काम. काम सुरू व्हायच्या आधी अम्मा रोज माझे दोन्ही तळहात स्वतःच्या गालावरून फिरवायची. बघणाऱ्यांना वाटायचं, काय ही माया! माया कसली, ती तपासणी होती. गालाला जरा बोचलं की तोच हात धरून पाठीत धपाटा.

आणि अशा घरातल्या मुलीला झाडावर चढायचं वेड. अंगणाच्या कोपऱ्यात चिंच होती, मागाच्या खोलीच्या पत्र्यावर अर्धी ओणवलेली. मी स्वतःला माकडाहून सरस समजायची. प्रत्यक्षात तोवर मी दोनदा पडले होते आणि एकदा परकर फांदीला अडकून उलटी लटकले होते. मला सोडवायला आलेल्या शेजारणींना मी लटकल्या लटकल्या सांगत होते, की मी मुद्दाम अशी लटकलेय. नाव भाग्यलक्ष्मी. नाक वाहतं, एका वेणीची रिबन कायम हरवलेली, पण तोरा असा की चिंचेनंच हिला दत्तक घेतलंय.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि अक्का घरी आली. अक्का माझी थोरली बहीण, सरोजा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मोडनिंबला दिली होती. भावोजींचं तिथं रस्त्यालगत कापडाचं लहान दुकान होतं. त्यांनी तिला एसटीनं आणून सोडली, उभ्या उभ्या पाणी प्यायले आणि म्हणाले, "जरा हवापालट होईल. थंडी संपली की नेतो." मोडनिंबच्या हवेत आणि सोलापूरच्या हवेत असा काय फरक, हे कुणी विचारलं नाही. मी विचारणार होते, तर अम्मानं माझ्या पायावर पाय दिला. अक्काचं अंथरूण मागच्या खोलीत खिडकीखाली पडलं. तिचं ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेवला गेला. तिच्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. डॉक्टरांनी घेतलं तेव्हा अम्मानं मला खोलीबाहेर काढलं, आणि नायनांनी त्या दिवसापासून माग जरा हळू चालवायला सुरुवात केली, आवाज कमी व्हावा म्हणून. माग हळू चालवला म्हणून आवाज कमी होत नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

अक्का जेवायची नाही, हीच घरातली एकमेव काळजी होऊन बसली. डॉक्टर म्हणाले होते, औषधं आपलं काम करतील, पण पोटात अन्न पाहिजे. अम्मानं काय काय केलं! आमच्या पद्धतीचा चारू, म्हणजे चिंचेचं पातळ मसालेदार सार, आणि मऊ भात. ज्वारीची आंबील. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. शेजारून हुरडा आला, तो तूप लावून परतला. अक्का एक घास घ्यायची, तोंडात घोळवायची आणि वाटी सरकवायची. "अम्मा, सगळ्याला खळीची चव लागते गं." ताण्याच्या सुताला लावतात ती खळ. आम्हा पोरांपैकी कुणी ती चाटून बघितली नाही असं नाही, त्यामुळं ती काय म्हणत होती ते मला नीट कळलं. बेचव, चिकट, जिभेला चिकटून राहणारी.

एकदा शाळेतून आल्यावर मी अंगणातल्या चिंचेची एक शेंग तोंडात धरून अक्काशेजारी बसले होते. गाभुळलेली. हिरवी नाही, पुरती पिकलेलीही नाही. टरफल आतल्या गरापासून सुटलेलं आणि गर नुकता तांबूस झालेला, आंबट-गोड. अक्का म्हणाली, "एकटी खातेस होय? दे की." मी दिली. तिनं बोटभर तुकडा चोखला, डोळे मिटले, तिच्या कानशिलाशी शीर हलली. मग म्हणाली, "अम्मा, भात आहे का?" आणि चार घास खाल्ले. अम्मानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता धपाटा. अम्मा म्हणाली, "उद्या आणखी काढ." आयुष्यात पहिल्यांदा मला झाडावर चढायचा हुकूम झाला. लगेच पुढचं आलंच, "पण हात उलले तर मी तुझे पाय फोडीन, सांगून ठेवते."

अडचण अशी, की चिंच एका वेळी सगळी गाभुळत नाही. खालच्या फांद्यांवरच्या अजून हिरव्या, कच्च्या, ऊन खाणाऱ्या शेंड्यावरच्या तेवढ्या झालेल्या. म्हणजे पार वर जायचं. दिवस उजाडला की कांड्या, मग शाळा, मग पुन्हा कांड्या. म्हणजे चढायचं ते भोंग्याच्या आधी, साल बर्फागत गार आणि दवानं ओली असताना. चिंचेची साल आधीच सुसरीच्या पाठीसारखी. त्यावर उघडे हात घासले असते तर कांड्या भरायचं सोडाच, अम्माचा गाल सोलला असता. तेव्हा हातमोजे पाहिजेत, असं सर्वानुमते ठरलं. सर्व म्हणजे अम्मा.

पहिले मी स्वतःच्या अकलेनं शोधले. शाळेचे पायमोजे हातात चढवले. पहिल्याच फांदीवरून घसरत खाली आले, पायमोजे मात्र वर फांदीला चिकटून राहिले. मग नायनांनी स्टेशनाजवळ बसणाऱ्या तिबेटी बायकांकडून लोकरीचे आणले, लालभडक, मनगटावर पांढरं फूल असलेले. मी ते घालून आधी साऱ्या पेठेत मिरवून आले. झाडावर दर हाताला त्यांचा एक धागा सालीत अडकायचा. पण खरा घोटाळा पुढं झाला. मी खाली उतरून हात न झटकता तशीच चरख्याला बसले. लोकरीचा लाल बारीक कोंडा बोटांना लागलेला, तो पांढऱ्या सुताबरोबर कांडीत गुंडाळला गेला, कांडी धोट्यात गेली आणि नायनांच्या पांढऱ्या धोतरजोडीत हातभर अंतर लाल केस विणले गेले. लक्षात आलं तेव्हा नायना चिमट्यानं एकेक केस उपसत बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "भाग्या, फूल मात्र झकास आहे," आणि मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे दुपारचं जेवले नाही. तिसरे शेजारच्यांनी दिले. हे शेजारी मिलमध्ये बॉयलरवर कामाला होते. कातड्याचे, कोपरापर्यंत येणारे, आत दोन भाग्या मावतील एवढे. मागाच्या खोलीत आम्ही चपला नेत नसू, मग कातड्याचे मोजे कसे न्यायचे? ते बाहेर खिळ्याला टांगले गेले, रात्रभर गारठले, आणि पहाटे त्यात हात घातला तर मेलेल्या म्हशीच्या पोटात घातल्यासारखा. वर फांदी हातात आहे की नाही हे बघूनच कळायचं. मी अर्ध्यावर जाऊन रडत बसले आणि खाली येऊन सांगितलं, की वर धुकं फार आहे.

हे सगळं अक्का खिडकीतून बघत होती. हसली की तिला खोकला यायचा, म्हणून ती तोंडावर चादर धरून हसायची. म्हणाली, "इकडं ये, माकडा. पंजा ठेव." शेजारी टॉवेलचा कारखाना होता, तिथली कात्रणं अम्मा पुसायला आणायची. अक्कानं ती जमिनीवर पसरली, त्यावर माझा पंजा ठेवला आणि कोळशानं बोटाबोटाभोवती रेघ ओढली. मला गुदगुल्या झाल्या. "हलू नकोस, नाहीतर सहा बोटांचा शिवीन." लग्नाआधी पेठेतल्या अर्ध्या बायकांची पोलकी अक्का शिवायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी चरख्यात सापडलेली, आणि शिवताना ती करंगळी नेहमी वेगळी उभी राहायची, जणू तिला या कामाशी देणंघेणं नाही. आतून टॉवेलचं मऊ कापड, तळव्याला जाड मांजरपाटाचे दोन पदर, मनगटाशी नाडी. बोटांची टोकं तिनं उघडी ठेवली. मी म्हटलं, "अक्का, कापड संपलं काय?" ती म्हणाली, "गाभुळलेली कशी ओळखणार मग? दाबून पोकळ लागली पाहिजे की नाही?" सुती घरात सुती मोजे. ना कोंडा, ना चामडं, ना घसरणं. मी चढले ते थेट शेंड्याला जाऊन बसले.

तिथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस होते असं मी लिहिलं तर लोक नावं ठेवतील. ठेवू देत. पहाटे अंगणात कुणाच्या तरी चुलीचा धूर, दूर स्टेशनात इंजिनाची शिट्टी, वर मी, ओच्यात चिंचा. उतरून आले की अक्का चिंचेआधी एकच विचारायची, "वरून काय दिसलं? थंडी किती उरलीय?" तिला वाटायचं, उंचावरून थंडीचा शेवट दिसत असेल. म्हणजे तिला तसं वाटत नव्हतं, आता कळतं, पण मला वाटायचं की तिला वाटतं. मी सांगायची, "थोडीच उरलीय. मिलच्या चिमणीपर्यंत आहे, पलीकडं ऊन पडलंय." कधी सांगायची, मोडनिंबची एसटी दिसली. चिंचेवरून एसटी स्टँड दिसत नाही. अक्का म्हणायची, "भरलेली होती का रिकामी?" मी म्हणायची, "भरलेली." मग ती चिंच चोखायची आणि दोन-चार घास खायची. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला. चिंच आहे तोवर अक्का जेवणार. जेवणार म्हणजे बरी होणार. शेंड्यावर चिंचा भरपूर होत्या.

संक्रांत झाली आणि एका सकाळी रशीदमामू अंगणात आले. ते चिंचांचे व्यापारी. दरवर्षी मालकांकडून झाडावरचा सगळा माल घ्यायचे आणि झोडून न्यायचे. चिंचा नुकत्या पिकायला लागल्या होत्या. दोन माणसं, लांब काठ्या, झाडाखाली अंथरायला जुन्या चादरी. बायका सुपं घेऊन वेचायला बसलेल्या. दरवर्षी मला हा दिवस म्हणजे सण वाटायचा. त्या वर्षी मी काठ्या बघितल्या, आत जाऊन मोजे घातले, नाडी दातांनी आवळली आणि सरळ शेंड्यावर जाऊन बसले. माणूस बसलेलं झाड कुणाला झोडता येत नाही, हा शोध मला एकटीलाच लागलाय अशी माझी समजूत.

"अगे पोट्टी, उतर नीचे!" रशीदमामू ओरडले. "झाड मैं लिया हूँ, तेरेकू नै लिया!"

"मी नाही उतरत. तुम्ही झोडा खालनं."

"तेरेकू लगी तो तेरा बाप मेरेकू झोडता ना!"

बायका हसल्या. मग अम्मा आली. "भाग्या, खाली ये. तू खाली ये फक्त, मग बघते तुला." अशा आमंत्रणाला कोण खाली येईल? मी आणखी एक फांदी वर सरकले. शेजारीण म्हणाली, "लई वर गेली की वो ही!" एकाची काठी उगाच बुंध्याला लागली, तर मी किंचाळले, "मेले! मेले!" आणि रशीदमामूंनी त्या माणसाला अशी शिवी दिली की बायकांनी सुपं तोंडावर धरली. आणि मग मागाचा आवाज थांबला. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ऐन सकाळी माग कधी थांबत नसे. नायना पायाला सुताचे तुकडे चिकटलेले तसेच बाहेर आले, डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि म्हणाले, "काय पाहिजे तुला?"

मी म्हटलं, "हा शेंडा अक्काचा आहे. बाकीचं झाड न्या."

खालच्या माणसांना अक्का कोण ते ठाऊक नव्हतं, ज्यांना ठाऊक होतं ते आमच्या दाराकडं बघायला लागले. दारात अक्का उभी होती. अंथरुणावरून उठून दोन खोल्या ओलांडून, एका हातानं चौकट धरून. आल्यापासून ती पहिल्यांदाच अंगणात येत होती. अंगावर जाड चादर. चौकट सोडून ती एकटी चालत झाडाखाली आली, बायका आपोआप मागं सरकल्या, तिनं मान वर केली. वरून ती अगदी लहान दिसत होती. चादरीतून फक्त तोंड आणि भांग.

"ये खाली," ती म्हणाली. तेवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. "पुरे झालं, भाग्या. ये."

आणि मी काय केलं? मी आनंदानं ओरडले. "अक्का चालली! अम्मा, बघितलंस का? अक्का एकटी चालली! अक्का बरी झाली!" साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं, फांदी गदागदा हलवत. दोन पिकलेल्या चिंचा तुटून खाली पडल्या. कुणी वेचल्या नाहीत. अम्मा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. रशीदमामूंनी हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि आपल्या माणसांना हळू आवाजात म्हणाले, "उप्परका शेंडा छोड दो." मला वाटलं, मी जिंकले. सगळे गप्प झाले ते माझ्या विजयानं दिपून. खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिवसाच्या उजेडात जे दिसलं, ते मला वरून दिसलं नाही. मला तिचा भांग दिसत होता. त्यांना तिचे पाय दिसत होते.

सत्तरी ओलांडल्यावर आता कधीकधी वाटतं, शेंड्यावर बसलेल्या त्या पोरीला पाय धरून खाली ओढावी आणि दोन लगावाव्यात. मग वाटतं, नको. बसू दे अजून थोडा वेळ. त्या अंगणात तेव्हा तेवढी एकच जण सुखात होती.

मी उतरल्यावर अक्कानं माझे हात बघितले. तळव्याचा मांजरपाट फाटून टॉवेलचे दोरे बाहेर आले होते. "दुसरे शिवावे लागतील," ती म्हणाली, आणि नायनांनी तिला आधार देऊन आत नेलं. पुढचे बरेच दिवस ती ते शिवत होती. चार टाके घालायची आणि हात पोटावर ठेवून पडून राहायची. मला वाटायचं, आळस. चिंचा मी आणतच होते, सारा शेंडा आमचा होता. ती तुकडा जिभेवर ठेवायची आणि थोड्या वेळानं काढून वाटीत टाकायची. मी वाटी उचलायची आणि अम्माला सांगायची, "संपवली."

मोजे झाले तेव्हा मी ते घालून खोखो हसले. बोटं माझ्या बोटांच्या पुढं लोंबत होती, मनगटाची नाडी कोपराकडं चाललेली. "अक्का, हे काय! माप न घेताच शिवलेस होय? आणि ही करंगळी बघ, वाकडी शिवलीय! डोळे गेले काय तुझे?"

अक्का हसली, तोंडावर चादर धरायची विसरली, पण खोकला आला नाही. म्हणाली, "पुढच्या थंडीला घाल."

"पुढच्या थंडीला तू नवे शिवशील की."

"मी मोडनिंबला असेन ना," ती म्हणाली. "तिथनं कशी शिवू?"

हे मला अगदी पटलं.

थंडी गेली. एका दुपारी मी चरख्यावर बसले होते, कपाळाला घाम आलेला. मी मान न वळवता म्हटलं, "अक्का, संपली बघ थंडी. आज वरून कुठंच दिसली नाही." ती काही बोलली नाही. मला वाटलं, झोपली. मी चरखा हळू फिरवायला लागले, तिची झोप मोडू नये म्हणून, अगदी नायनांसारखं. बराच वेळ. मग अम्मा आत आली, खिडकीपाशी गेली, तिथनं माझ्याकडं आली आणि तिनं हातानं माझा चरखा थांबवला. पलीकडं माग चालू होता, खट्टक-खट, खट्टक-खट. तो थांबवायला कोण जाणार, म्हणून आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

भावोजी आले. थंडी संपली की येतो म्हणाले होते, तो शब्द त्यांनी पाळला.

शेंड्यावरच्या उरलेल्या चिंचा कुणी काढल्या नाहीत. त्या उन्हाळाभर झाडावर पिकत राहिल्या आणि एकेक करून मागाच्या खोलीच्या पत्र्यावर पडत राहिल्या. टप्. नायनांचा धोटा तेवढ्यापुरता चुकायचा. अम्मा संध्याकाळी त्या झाडून कोपऱ्यात सारायची. त्या चिंचांचा चारू आमच्या घरात झाला नाही.

पुढच्या थंडीला मी ते मोजे घातले. मोठे झाले. त्याच्या पुढच्या थंडीलाही मोठे झाले. मला राग यायचा, हिला साधं माप कळू नये? पुढं चिंच तोडली गेली, मागाची खोली मालकांनी परत घेतली, माझं लग्न झालं, आम्ही सोलापुरातच सात रस्त्याजवळ राहायला गेलो. मोजे लुगड्यांच्या तळाशी पडून राहिले. एका हिवाळ्यात कपाट आवरताना हाती लागले म्हणून सहज चढवले, तर बसले. बोटं बोटांत, मनगट मनगटात, नाडीची गाठही जागेवर. फक्त डाव्या हाताची करंगळी बसेना. शिवण वाकडी होती ना, माझी करंगळी सरळ. मी मोजा उलटा केला. आत कोळशाची पुसट रेघ अजून होती, बोटाबोटाभोवती ओढलेली, आणि करंगळीपाशी ती वाकली होती. माझा पंजा कधी एवढा होईल ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं स्वतःचा हात कापडावर ठेवला होता. मी मनात वय मोजलं. त्या थंडीत मी अक्काएवढी झाले होते.

परवा मी फोन ठेवला, तरी रेवानं पुन्हा लावलाच. तिला हातमोजे मागवायचे होते. "आज्जी, बोटं उघडी असलेले सापडले, मनगटाला पट्टी पण आहे. साइज तेवढी सांग. हात मोजला तर मिडियम येतंय."

"एक माप मोठं घे," मी म्हटलं.

"अगं, मोठे होतील. माझे हात आता वाढायचे थोडेच आहेत?"

"तरी घे," मी म्हटलं. या वेळी चहा खरंच ठेवला होता आणि तो खरंच उतू गेला. मी फोन ठेवला नाही.